चाळीस सूंचं नाणं

व्हिक्टर ह्यूगो यांच्या 'ले मिझेराब्ल' या फ्रेंच कादंबरीच्या पहिल्या भागातल्या दुसऱ्या खंडाचं शेवटचं प्रकरण एका दहा-बारा वर्षांच्या पोराच्या नावानं आहे: पेती जेर्वे. हा सावोय प्रांतातला पोरगा. गळ्यात वाद्य अडकवून, गाणी म्हणत, हातातली नाणी उडवून झेलत माळावरून चाललेला. त्यातलं चाळीस सूंचं नाणं, म्हणजे दोन फ्रँक, हातातून निसटतं आणि घरंगळत जाऊन झुडपाआड बसलेल्या एका माणसाच्या पायाशी थांबतं. तो माणूस त्या नाण्यावर पाय ठेवतो. पोरगा विनवतो, रडतो, त्याचा पाय हलवायला बघतो. माणूस दरडावतो, पोरगा पळून जातो, अंधार पडतो.

तो माणूस ज्याँ व्हालज्याँ. बिशप मिरिएल यांनी त्याला चोरीतून सोडवून, वर चांदीचे दोन दीपस्तंभ देऊन वाटेला लावलं, तो हाच दिवस. १९ वर्षांच्या सक्तमजुरीतून सुटताना कापून-छाटून हातात आलेले १०९ फ्रँक १५ सू त्याच्या खिशात आहेत. पिशवीत बिशपांची चांदी आहे, आणि तिचे निदान २०० फ्रँक तरी येतील असा हिशेब त्यानं चोरी करण्याआधीच केलेला आहे. दोन फ्रँकांची त्याला काहीही गरज नाही. तरी तो पाय उचलत नाही.

२०१२ साली आलेल्या टॉम हूपर यांच्या चित्रपटात हा प्रसंग नाही. ज्या संगीतिकेवर तो चित्रपट बेतलेला आहे (१९८० साली पॅरिसमध्ये, १९८५ साली लंडनमध्ये इंग्रजीत), तिच्यातही नाही. आज जगभर ही कथा बहुतेकांना त्या गाण्यांतूनच ठाऊक आहे. त्यामुळे हा गाळलेला प्रसंग आता कादंबरीतूनही गळाल्यासारखाच झाला आहे. तो गाळल्यामुळे ह्यूगो यांच्या पुस्तकातला धर्मविचारच पालटला, असं माझं म्हणणं आहे.

अभिजात साहित्यकृतीवर चित्रपट निघाला की धर्माच्या बाजूनं आपण एकच प्रश्न विचारतो: कुणाचा अपमान झाला का? देव वगळला, संत छोटा केला, पुरोहित वाईट दाखवला, की वाद पेटतो. उलट झालं, भक्तिभाव वाढवला, शेवटी स्वर्गाचं दार उघडून दाखवलं, तर कुणीच हरकत घेत नाही. त्यात मूळ कृतीचा मान राखला गेला असं आपण गृहीत धरतो. 'ले मिझेराब्ल'च्या बाबतीत हे गृहीतक तपासून बघण्यासारखं आहे, कारण हूपर यांच्या चित्रपटात देवाचं नाव पदोपदी येतं. प्रार्थना आहेत, वेदीपुढचा आक्रोश आहे, आकाशाकडे लागलेले डोळे आहेत, मेलेली माणसं न्यायला परत येतात. पुस्तकातला धर्म इथे कुणी पुसलेला नाही, सोपा केला आहे. आणि सोपा केलेला धर्म हा मूळ कृतीवर पुसण्याइतकाच मोठा अन्याय असू शकतो.

चित्रपटात काय होतं ते आधी नीट पाहू. पोलीस व्हालज्याँला पकडून आणतात, बिशप खोटं बोलून त्याला वाचवतात आणि दीपस्तंभ हातात ठेवतात. लगेच तो प्रार्थनाघरात येरझारा घालत स्वतःला जाब विचारतो आणि त्या एका गाण्याच्या अखेरीस सुटकेचा परवाना फाडून वाऱ्यावर सोडतो. कागदाचे तुकडे आकाशात जातात, पुढच्या दृश्यात आठ वर्षं लोटलेली असतात आणि तो नगराध्यक्ष झालेला असतो. कृपा झाली, माणूस बदलला. मधे फक्त एक गाणं.

कादंबरीत कृपा झाल्यावर माणूस आधी आणखी खाली जातो. बिशपांकडून निघालेला व्हालज्याँ दिवसभर रानोमाळ भटकतो. अंगात एक राग साठलेला असतो, तो कुणावरचा हे त्यालाच कळत नाही. आणि मग तो एका पोराला लुबाडतो. ह्यूगो इथे थांबून कारण देतात. तुरुंगातून बरोबर आणलेल्या दुष्ट विचारांचा हा शेवटचा हिसका होता. चालत्या गाडीचा जोर काढून घेतला तरी चाकं थोडी पुढे जातात, तसा. पायानं नाणं दाबलं ते आतल्या जनावरानं. माणूस जागा झाला तेव्हा त्या जनावरानं काय केलं हे बघून तो हादरला. मग तो अंधारात त्या पोराच्या नावानं हाका मारत धावतो. घोड्यावरून चाललेला एक पाद्री भेटतो. त्याच्या हातात गरिबांसाठी म्हणून पाच-पाच फ्रँकांची दोन नाणी कोंबतो, परत दोन कोंबतो आणि ओरडतो, "मला पकडून द्या, मी चोर आहे." पाद्री घाबरून घोडा पिटाळतो. शेवटी एका दगडावर कोसळून व्हालज्याँच्या तोंडून शब्द निघतात: "मी मिझेराब्ल आहे."

पुस्तकाचं नाव इथे त्याच्या तोंडी येतं. फ्रेंचमध्ये त्या शब्दाला दोन अर्थ आहेत, दैन्यानं गांजलेला आणि नीच. आजवर तो पहिल्या अर्थानं मिझेराब्ल होता. दुसरा अर्थ त्याला स्वतःबद्दल कळतो तो या क्षणी. १९ वर्षांत पहिल्यांदा तो रडतो. त्या रात्री तीनच्या सुमाराला ग्रेनोब्लहून बिशपांच्या दीन्य गावाला येणारा गाडीवान बिशपांच्या दारासमोर अंधारात गुडघे टेकून बसलेला एक माणूस पाहतो, इतकंच ह्यूगो सांगतात आणि प्रकरण संपवतात.

आपल्याकडे 'वाल्याचा वाल्मीकी झाला' हे वाक्य आपण एका दमात म्हणून टाकतो. पण ज्या कथेतून ते आलं, तिनं मधला काळ गाळलेला नाही. वाल्याला रामनाम धड उच्चारता येत नाही, तो उलटं 'मरा मरा' म्हणतो, आणि अंगावर वारूळ चढेपर्यंत म्हणत राहतो. वारूळ वगळून ती गोष्ट सांगितली तर नारद भेटले आणि ऋषी झाला एवढंच उरेल. व्हालज्याँचं वारूळ म्हणजे ते नाणं.

आणि ह्यूगो ते नाणं एकदाच दाखवून सोडून देत नाहीत, पुढचं सगळं कथानक त्यावर उभं करतात. मादलेन हे नाव घेऊन नगराध्यक्ष झालेला व्हालज्याँ गावात सावोयचा कुठलाही पोरगा आला की त्याला बोलावून घेतो, नाव विचारतो, पैसे देतो. ही बातमी त्या पोरांमध्ये पसरते आणि ती पोरं मुद्दाम त्या गावावरून जायला लागतात. पुढे शाँमातिय नावाचा भलताच माणूस व्हालज्याँ म्हणून पकडला जातो. त्या रात्री आपली जुनी ओळख कायमची मिटवून टाकावी म्हणून तो जुने कपडे, पिशवी, काठी चुलीत टाकतो. पिशवी जळते आणि राखेत काहीतरी चमकतं: चाळीस सूंचं नाणं. त्याच भरात तो बिशपांचे दीपस्तंभही विस्तवात ढकलतो आणि त्याला आतून हाक ऐकू येते. दुसऱ्या दिवशी आरासच्या कोर्टात उभा राहून तो पुरावा म्हणून सांगतो, माझ्या घरी चुलीच्या राखेत पेती जेर्वेचं नाणं सापडेल.

कायद्याच्या बाजूनंही सगळा भार त्या चोरीवरच आहे. सुटल्यावर पुन्हा गुन्हा केलेला कैदी म्हणून त्याला आधी मृत्युदंड आणि मग तो बदलून जन्मभर सक्तमजुरी होते. म्हणजे झावेर हा पोलीस अधिकारी ज्याच्या मागावर आहे, त्या माणसाच्या हातून खरोखर एका गरीब पोराचं नुकसान झालेलं आहे. चित्रपटात झावेर त्याच्या मागे लागतो ते परवान्याची अट मोडली म्हणून. गुन्हा कागदाचा झाला. चित्रपटातला व्हालज्याँ भुकेपोटी पाव चोरतो, पिळवटलेल्या अवस्थेत बिशपांची चांदी उचलतो, आणि त्यानंतर तो धुतल्या तांदळासारखा. पुढे त्याचा जो छळ होतो त्यात तो निर्दोष आहे आणि व्यवस्था दोषी आहे. ह्यूगो व्यवस्थेला मोकळं सोडत नाहीत, उलट पानंच्या पानं तिच्यावर तुटून पडतात. पण नायकाला ते पापातून सूट देत नाहीत. कृपेच्या आधी केलेलं पाप परिस्थितीच्या माथी मारता येतं. कृपेनंतरचं पाप स्वतःच्याच माथी बसतं, आणि खरा पश्चात्ताप तिथून सुरू होतो. तो पाया चित्रपटात नाही.

बिशपांच्या बाबतीतही असंच झालं आहे. चित्रपटातले बिशप मनानं मोठे आहेत. स्वतःची वस्तू चोरणाऱ्याला क्षमा करतात, वर आणखी देतात. (ही भूमिका कोल्म विल्किन्सन यांनी केली आहे. लंडनच्या पहिल्या प्रयोगातला व्हालज्याँ तेच होते, आणि ती निवड मनाला भिडते.) कादंबरीतले बिशप क्षमा करतच नाहीत, कारण क्षमा करण्याजोगं काही घडलं आहे असं त्यांना वाटत नाही. सकाळी चांदी नाहीशी झाल्याचं कळतं तेव्हा मोलकरीण मादाम माग्ल्वार आकांत करते. पोलीस अजून आलेले नसतात, माफीचा प्रसंग अजून उभाच राहिलेला नसतो. बिशप आधी विचारतात, ती चांदी आपली होती का? मग शांतपणे म्हणतात, मी ती चुकीनं इतके दिवस माझ्याकडे ठेवली होती, ती गरिबांची होती. आणि तो माणूस कोण होता? गरीबच. नंतर जेवायला चमचे कशाचे आणायचे यावर बोलणं होतं. कथलाला वास येतो, लोखंडाला चव येते, मग लाकडाचे आणू.

या चार ओळींसाठी ह्यूगो यांनी आधी चौदा प्रकरणं खर्ची घातली आहेत. व्हालज्याँ येण्याआधीचा पहिला अख्खा खंड बिशपांचा आहे, आणि त्यात घरखर्चाचा तक्तासुद्धा आहे. सरकारकडून वर्षाला १५,००० फ्रँक, त्यातले स्वतःच्या घरासाठी १,०००. गाडीभाडं म्हणून ३,००० फ्रँकांचा भत्ता मंजूर होतो तेव्हा गावातले प्रतिष्ठित कुरकुरतात, आणि बिशप तो सगळा रुग्णालय आणि अनाथ मुलांकडे वळवतात. दीन्यला आल्याच्या तिसऱ्या दिवशी ते शेजारचं रुग्णालय बघायला जातात. पाच-सहा लहान खोल्यांत २६ रुग्ण. आणि बिशपांच्या वाड्यात आपण तिघं, जागा साठ जणांची. काहीतरी चूक झाली आहे असं म्हणून ते वाडा रुग्णालयाला देतात आणि स्वतः त्या बैठ्या इमारतीत राहायला जातात. एवढं सगळं दिल्यावरही त्यांच्याकडे एक मोह उरलेला असतो: सहा जणांची चांदीची काटे-चमच्यांची जोडणी, एक मोठा पळा आणि आत्याआजीकडून आलेले दोन दीपस्तंभ. चांदीशिवाय जेवणं जड जाईल, असं ते स्वतः कबूल करतात.

हे वाचून मग चोरीचा प्रसंग वाचला की त्याचा अर्थ वेगळा होतो. चोर येतो आणि बिशपांचा शेवटचा मोह सुटतो. ज्याचं होतं त्याला मिळालं, असं त्यांना वाटतं. पोलिसांसमोर ते जे बोलतात त्याला खोटं म्हणायचं की नाही, हा प्रश्न ह्यूगो वाचकावर सोडतात, कारण बिशपांच्या लेखी ती चांदी आता खरोखर त्या माणसाचीच असते. मालमत्तेबद्दलचा हा ख्रिस्ती विचार फार जुना आहे: जास्तीचं जे माझ्याकडे आहे ते दुसऱ्याकडून अडवून ठेवलेलं आहे. चित्रपटात हा विचार जाऊन त्याच्या जागी दानशूरपणा आला. श्रीमंतानं गरिबावर केलेली मेहेरबानी प्रेक्षकाला गहिवरून टाकते आणि त्याच्या स्वतःच्या कपाटातल्या चांदीला धक्का लागत नाही.

त्याच खंडातलं दहावं प्रकरण तर कुठल्याच लोकप्रिय रूपांतरात टिकत नाही. गावाबाहेर एक म्हातारा मरणाला टेकला आहे. क्रांतीच्या काळातल्या राष्ट्रीय सभेचा तो सभासद, पुस्तकात त्याचं नाव फक्त 'जी'. सगळा गाव त्याला राक्षस समजतो. बिशप त्याच्याकडे जातात ते नाराजीनंच, कर्तव्य म्हणून. दोघांत वाद होतो. क्रांतीत मेलेल्या राजपुत्राबद्दल बिशप बोलतात, तेव्हा म्हातारा राजवटीनं ठार केलेल्या गरिबांच्या पोराची आठवण देतो. रडायचं तर दोन्ही लेकरांसाठी रडू या, म्हणतो. शेवटी तो विचारतो, मी ८६ वर्षांचा आहे, मरतो आहे, माझ्याकडे काय मागायला आलात? बिशप म्हणतात, तुमचा आशीर्वाद. आणि गुडघे टेकतात.

चर्चचा अधिकारी धर्म न मानणाऱ्या क्रांतिकारकापुढे गुडघे टेकतो, हे १८६२ साली छापणं साधी गोष्ट नव्हती. ह्यूगो तेव्हा गर्न्सी बेटावर हद्दपारीत होते. रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत हे पुस्तक गेलं. पण ह्यूगो नास्तिक नव्हते. मठांवर लिहिलेल्या एका खंडात ते स्पष्ट म्हणतात, आम्ही धर्मांच्या विरोधात आणि धर्माच्या बाजूनं आहोत. त्याच ठिकाणी असंही म्हणतात की या नाट्यातलं पहिलं पात्र अनंत आहे, माणूस दुसरा. १८८३ साली केलेल्या इच्छापत्रात त्यांनी गरिबांना ५०,००० फ्रँक ठेवले, गरिबांच्याच तिरडीवरून नेण्याची इच्छा लिहिली, सगळ्या चर्चच्या प्रार्थना नाकारल्या, प्रत्येक जिवाकडे एक प्रार्थना मागितली आणि शेवटी लिहिलं: मी देवावर विश्वास ठेवतो. धर्मसंस्थेला हा माणूस नको होता आणि देव मानतो म्हणून धर्म नको असलेल्यांनाही तो पूर्ण आपला वाटत नव्हता. त्याच्या पुस्तकातली ही अडचणीची जागाच चित्रपटात सपाट झाली.

झावेरचं काय केलं तेही बघण्यासारखं आहे. चित्रपटातला झावेर धर्मवेडा आहे. पॅरिसच्या छपरांवर, उंच कठड्यावर चालत तो ताऱ्यांकडे बघून गातो, देवाला साक्षी ठेवतो, पतित देवदूताचा दाखला देतो. त्यामुळे व्हालज्याँ आणि झावेर म्हणजे दोन प्रकारचे ख्रिस्ती, एक कृपेचा, दुसरा नियमशास्त्राचा, अशी सुबक जोडी जमते. पुष्कळ प्रवचनांत आणि लेखांत हीच जोडी ह्यूगो यांची म्हणून सांगितली जाते. ह्यूगो यांचा झावेर देवाचा विचारच करत नाही. तो तुरुंगात जन्मला, त्याची आई पत्ते बघून भविष्य सांगणारी, बाप सक्तमजुरीवर. त्याची श्रद्धा अधिकारावर, सरकारवर, वरिष्ठावर. व्हालज्याँनं त्याचा जीव वाचवल्यावर जे होतं ते ह्यूगो एका वाक्यात सांगतात: त्याला एक वरिष्ठ होता, श्री. जिस्के (पॅरिसचे पोलीसप्रमुख). देव नावाचा दुसरा वरिष्ठ आहे हे आजवर त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. हा नवा वरिष्ठ अचानक समोर आला. आणि वरिष्ठाशी न पटलं तर राजीनामा द्यायचा एवढंच झावेरला माहीत. देवाकडे राजीनामा कसा द्यायचा, हे त्याला कळेना.

सेन नदीत उडी घेण्याआधी तो शातले चौकातल्या पोलीस ठाण्यात जातो, कागद-दौत मागतो आणि लिहितो. मथळा: 'सेवेच्या हितासाठी काही निरीक्षणं'. दहा मुद्दे. चौकशीहून परत आणलेल्या कैद्यांची झडती घेताना त्यांना फरशीवर अनवाणी उभं करतात, त्यामुळे पुष्कळांना खोकला होतो. विणकाम कोठीत धागा तुटला की कैद्याचे दहा सू कापतात. हा ठेकेदाराचा अन्याय आहे, त्यानं कापड काही वाईट होत नाही. असं सगळं. खाली सही, हुद्दा, तारीख ७ जून १८३२, वेळ पहाटे एकच्या सुमाराची. मग तो वाळू टाकून शाई टिपतो, कागदाची घडी करतो, मोहोर लावतो, टेबलावर ठेवतो आणि निघतो.

दया त्या माणसात शिरली ती सरकारी टिपणाच्या भाषेत. दुसरी भाषाच त्याला येत नव्हती. आयुष्यभर ज्यांना पकडलं त्यांच्या अनवाणी पायांकडे त्याचं पहिल्यांदा लक्ष गेलं. जागतिक साहित्यात इतका कोरडा आणि इतका हलवून टाकणारा पश्चात्ताप मला दुसरा माहीत नाही. चित्रपटात तो कागद नाही. मात्र संगीतकारानं एक फार थोर गोष्ट केली आहे, ती नोंदवायलाच हवी. प्रार्थनाघरातल्या व्हालज्याँच्या आत्मपरीक्षणाला जी चाल आहे, तीच झावेरच्या शेवटच्या गाण्याला आहे. एकाच कृपेपुढे दोन माणसं उभी राहिली, एक वाकला आणि एक मोडला, हे शब्दांशिवाय कळतं. संगीताला जे जमतं ते कादंबरीला जमत नाही, याचा हा उत्तम दाखला आहे.

म्हणूनच 'चित्रपटाचं माध्यम वेगळं, त्यात सगळं कसं बसणार' हा बचाव मी अर्धाच मानतो. पाच भाग, ३६५ प्रकरणं, त्याचे अडीच तासांहून थोडे जास्त. वॉटर्लूची लढाई जाणार, पॅरिसच्या गटारांचा इतिहास जाणार, मठाचा इतिहास जाणार. जाऊ देत. पण पेती जेर्वेला किती वेळ लागतो? एक पोरगा, एक नाणं, एक बूट. पटकथेत जेमतेम तीन मिनिटं. बीबीसीच्या २०१८ च्या सहा भागांच्या मालिकेनं तो प्रसंग घेतला आहे आणि तो पडद्यावर नीट उभा राहतो. तेव्हा अडचण वेळेची नाही. नायकाला नुकतीच दया मिळालेली, प्रेक्षक त्याच्या बाजूला झुकलेला, आणि त्याच क्षणी तो एका लहान पोराला लुबाडतो. तिकीट काढून आलेला प्रेक्षक हे सोसणार नाही, अशी ती भीती आहे. ह्यूगो यांनी वाचकाकडून नेमकं तेच सोसवून घेतलं.

हीच भीती पुढे पॅरिसमधल्या बंडखोरांच्या मोर्चाबंदीच्या प्रसंगातही दिसते. चित्रपटात झोपलेल्या मारियुस या तरुण बंडखोराकडे बघत व्हालज्याँ देवाची आळवणी करतो, याला सुखरूप घरी ने, हवं तर मला ने. गाणं अप्रतिम आहे. कादंबरीत तो मोर्चाबंदीवर पोचतो तो अशा मनानं नाही. व्हालज्याँनं लेकीसारखी वाढवलेल्या कोझेतनं तिच्या प्रियकराला, मारियुसला, लिहिलेल्या पत्राचा उलटा ठसा टिपकागदावर उमटलेला असतो आणि तो त्याला आरशात सुलटा वाचायला मिळतो. ज्या लेकीवर त्याचं जग उभं आहे ती दुसऱ्या कुणाची झाली. तो त्या पोराचा द्वेष करतो, साधासुधा नाही. मग मारियुसची चिठ्ठी हाती लागते, त्यात तो मरणार असं लिहिलेलं असतं, आणि व्हालज्याँच्या आतून आनंदाची एक भयानक आरोळी उठते. सुटलो. पोरगा आपोआप मरेल, आपल्याला काही करावं लागणार नाही. त्यानंतर तो गंभीर होतो. तासाभरानं नॅशनल गार्डचा गणवेश चढवून, बंदूक घेऊन बाहेर पडतो. का, ते ह्यूगो सांगत नाहीत. मोर्चाबंदीवर तो जवळजवळ बोलतच नाही. ज्याचा द्वेष करतो त्यालाच पाठीवर टाकून तो गटारातून वाहून नेतो. शुद्ध हरपलेल्या मारियुसकडे बघताना त्याच्या डोळ्यांत तेव्हाही तो द्वेष असतो, असं ह्यूगो लिहितात. पाय पुढे पडतात, मन मागे ओढतं. प्रार्थनेनं हे सगळं झाकलं गेलं. मन निवळल्यावर चांगलं वागणं वेगळं आणि मन निवळलेलं नसताना चांगलं वागणं वेगळं. ह्यूगो यांना दुसऱ्यात देव दिसतो.

शेवटच्या गाण्यातली एक ओळ तर आता ह्यूगो यांच्याच नावावर सगळीकडे फिरते: दुसऱ्या माणसावर प्रेम करणं म्हणजे देवाचं मुख पाहणं. ती ओळ इंग्रजी संगीतिकेतली आहे. ह्यूगो यांच्या पुस्तकात तिच्या जवळ जाणारी जागा आहे मारियुसच्या वहीत: देव सगळ्यामागे आहे, पण सगळं देवाला झाकतं, वस्तू काळ्या आहेत, जीव अपारदर्शक आहेत, कुणावर प्रेम करणं म्हणजे त्याला पारदर्शक करणं. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून पाहावीत. एकात मुख दिसलं. दुसऱ्यात आधी झाकलेपण कबूल केलं आहे, आणि प्रेम हे काच पुसत राहण्याचं काम आहे.

व्हालज्याँच्या मरणापाशी चित्रपट आणि पुस्तक सगळ्यांत जवळ येतात, आणि तिथेच फरक सगळ्यांत स्पष्ट दिसतो. पुस्तकात तो पॅरिसमधल्या एका साध्या घरात मरतो, चित्रपटात मठात. घराची राखणदारीण विचारते, पाद्री बोलवू का? तो म्हणतो, आहे माझ्याकडे एक, आणि डोक्याच्या वर कुठेतरी बोट दाखवतो. बिशप तिथे हजर असावेत, असं ह्यूगो म्हणतात. 'असावेत'. बाहेरच्या काळोख्या रात्रीत एखादा देवदूत पंख पसरून उभा असावा, असंही म्हणतात. चित्रपटानं तो 'असावेत' काढून टाकला. दार उघडतं, मेणबत्त्यांच्या उजेडात बिशप उभे असतात, हसतात, हात पुढे करतात. पुस्तकातल्या एका वाक्याला धरूनच हे दृश्य रचलं आहे आणि ते रचणाऱ्यांनी पुस्तक प्रेमानं वाचलेलं आहे, याबद्दल मला शंका नाही.

पण त्याच पानांत व्हालज्याँ कोझेतला ते दोन दीपस्तंभ देतो. म्हणतो, ते चांदीचे आहेत, माझ्यासाठी मात्र सोन्याचे, हिऱ्याचे आहेत. ज्यांनी मला ते दिले, ते वर माझ्यावर खूश आहेत की नाहीत, मला माहीत नाही. मला जमलं तेवढं मी केलं. हे बोलताना दोन्ही दीपस्तंभांवर मेणबत्त्या जळत असतात, भिंतीवरचा क्रूस त्यानं स्वतः उठून काढून टेबलावर ठेवलेला असतो, आणि त्याला उत्तर द्यायला दारात कुणीही नसतं.